घरात कोणाला ताप?

चँडलरमध्ये भरदुपारी कोणी रस्त्याने पायी चाललेलं दिसलं की समजावं, एक तर त्याची गाडी बंद पडलीय, नाही तर त्याच्यावर काहीतरी बेतलंय. माझी नात मागच्या सीटवरून मला कितीदा सांगायची, "आज्जी, नोबडी वॉक्स हिअर." खरंच होतं तिचं. सहापदरी रस्ते, कडेला चांगला रुंद फूटपाथ, पण त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, सावली तर औषधाला नाही. घरांपुढे गवताऐवजी खडी पसरलेली आणि त्या खडीत एकेक निवडुंग उभा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. फीनिक्सच्या अंगाचं हे गाव मुळात वाळवंटच. त्यावर बंगले मांडलेत इतकंच.

अशा रस्त्यावर मी इंदूताईंना पहिल्यांदा पाहिलं. दोन हजार पाचचा मे महिना असेल. माझी मुलगी शुभा गाडी चालवत होती, आम्ही भाजी घेऊन परत येत होतो. बघते तर पुढे एक उंच, काटकुळे म्हातारे गृहस्थ. पांढरा फुलशर्ट पँटीत खोचलेला, खांद्यावरून तिरकी खाकी पिशवी, आणि चाल अशी की जणू कचेरीला उशीर झालाय. त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर एक ठेंगणी बाई. पदर कमरेला खोचलेला, साडीखाली मुलाचे वाटावेत असे पांढरे बूट, एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात ओलं फडकं. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण झालंय आणि ती समजूत काढायला मागे निघालीय.

"शुभे, गाडी थांबव."

"आई, इथं मध्येच थांबता येत नाही."

"मग वळव कुठून तरी. आपली माणसं आहेत ती."

शुभाने कुरकुरत गाडी वळवली, मी काच खाली केली. काच खाली केली की इथं भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. मी विचारलं, "ताई, मराठी का हो?"

त्या न थांबता म्हणाल्या, "हो जी. यवतमाळचे. बोला, पण चालता चालता बोला. मला थांबता येत नाही."

"अहो, गाडीत बसा ना दोघंही. सोडतो घरी."

"हे नाही बसणार," त्या म्हणाल्या. "यांचं एक गाव बाकी आहे अजून."

आणि गेल्या पुढे. शुभाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी काच वर केली.

मग मी शोधून काढलं. मला तेवढंच काम. आमच्या घरापासून दोन वळणं टाकली की त्यांचं घर. मुलगा निलेश कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत, सूनही नोकरीला, दोन लहान मुलं. इंदूताई आणि गावंडे साहेब तिकडचं घर आवरून मुलाकडे आलेले, कारण तिकडे आता बघायला कोणी नव्हतं. साहेब म्हणजे मोठे अंमलदार नव्हेत हं. आरोग्य खात्यात हिवतापवाले. खेडोपाडी पायी हिंडायचं, प्रत्येक घराच्या दारात उभं राहून विचारायचं, "घरात कोणाला ताप? थंडी वाजून येते? बाहेरगावचा पाहुणा कोणी?" ताप असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि निघताना दाराशेजारी भिंतीवर खूण करायची की इथं येऊन गेलो. सगळं आयुष्य त्यात गेलं. गावातली माणसं साहेब म्हणायची म्हणून इंदूताईही चारचौघांत साहेबच म्हणायच्या.

दोन-तीन वर्षांपासून साहेबांना विसरण्याचा आजार जडला होता. आधी किल्ल्या विसरले, मग नातवंडांची नावं, मग गावाचं नाव. मग एक दिवस चहा देणाऱ्या इंदूताईंना म्हणाले, "बाई, मालक कुठं गेलेत तुमचे?" हे मला सांगताना त्या हसल्या होत्या. "मी म्हटलं, शेतावर गेलेत. काय सांगू मग? तुम्हीच माझे मालक म्हटलं असतं तर लाजून उठून गेले असते."

पण नोकरी विसरले नव्हते. ती पायांत राहिली होती.

रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट खोचून, पिशवी अडकवून ते बाहेर पडायचे. पहिलं घर कोणतं, तर स्वतःचंच. बाहेर जाऊन दार लावून घ्यायचं आणि टकटक करायचं. इंदूताई आतून दार उघडायच्या.

"बाई, घरात कोणाला ताप?"

"नाही जी, साहेब. सगळे बरे आहेत."

मग ते खिशातला खडू काढायचे. नातवंडांचे अंगणात चित्रं काढायचे जाडे रंगीत खडू असतात ना, गुलाबी, निळे, तेच. दाराशेजारी सही करायचे. तारीख आठवायची नाही म्हणून तारखेच्या जागी आडवी रेघ. आणि निघायचे. इंदूताईंची छत्री, बूट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि फडकं दारामागे तयारच. ते कोपरा वळायच्या आत त्या मागे.

फडकं कशाला, हे मला पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चालले तेव्हा कळलं. साहेब पुढे प्रत्येक घराच्या भिंतीवर खूण करत चाललेले आणि या मागून ओल्या फडक्याने ती पुसत चाललेल्या. इथं कॉलनीची कमिटी असते, घराला रंग कोणता द्यायचा तेसुद्धा ती ठरवते. भिंतीवर रेघोट्या दिसल्या असत्या तर निलेशच्या घरी नोटीस आली असती. म्हणून साहेबांचं सगळं काम इंदूताई त्यांच्या पाठीमागे पुसून टाकायच्या. एकदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बत्तीस वर्षं यांची खूण बघून लोक म्हणायचे, साहेब येऊन गेले. आता मीच म्हणते, कोणी आलं नव्हतं बाप्पा."

मी सकाळी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. गुडघ्यांमुळे फार नाही, कालव्यापर्यंत. तेवढ्यातच मला कळलं की मी तीन वर्षं या गावात राहून गाव पाहिलंच नव्हतं. गाडीतून काय दिसतं, दुकानांच्या पाट्या. इंदूताईंना ते गाव सावलीवरून पाठ होतं. शाळेच्या भिंतीची सावली कधीपर्यंत पडते, चर्चच्या मागे थंड पाण्याचा नळ कुठे आहे, कालव्याच्या कडेला हिरव्या सालीचं एक झाड आहे त्याखाली दोघांना कसं बसता येतं. बसस्टॉपच्या लोखंडी बाकावर दुपारी बसायचं नाही, चटका बसतो. टायरच्या दुकानातला मेक्सिकन मालक त्यांना लांबून पाहिलं की खुर्ची बाहेर काढून ठेवायचा. तो स्पॅनिश बोलायचा, या वऱ्हाडी, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. मी विचारलं, "तो काय म्हणतो हो?" तर म्हणाल्या, "म्हणते की माझा बाप पण असाच होता." आता हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. पण मला ते खोटं वाटलं नाही.

वस्त्यांना साहेबांनी त्यांच्या फिरतीवरच्या गावांची नावं दिली होती. कालव्याअलीकडची कॉलनी म्हणजे कोठोडा, पलीकडची पिंपळखुटा. इंदूताई तीच नावं वापरायच्या. "आज कोठोडा लवकर आटोपला. पिंपळखुट्यात मात्र कुत्री फार."

इंदूताईंचे नियम ठरलेले. साहेबांना अडवायचं नाही. हात धरायचा नाही. "घरी चला" तर चुकूनही म्हणायचं नाही. फार ऊन झालं की पुढे होऊन म्हणायचं, "साहेब, तालुक्याहून मोठे डॉक्टर आलेत, तुम्हाला बोलावून राहिले." मग ते गर्रकन वळायचे. आणि बोलावल्याशिवाय ते कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाहीत, ही त्यांची नोकरीतली शिस्त. पाऊस असो, ऊन असो, घरमालकाने "या, आत या" म्हणेपर्यंत दारात उभं राहायचं. इंदूताई म्हणायच्या, "याच एका गोष्टीवर आम्ही तरलो जी. नाही तर कोणा गोऱ्याच्या घरात शिरले असते आणि त्याने बंदूक काढली असती."

बहुतेक दारं उघडायचीच नाहीत. दिवसा घरात असतं कोण? एखादं उघडलं तर साहेब अदबीने मराठीत विचारायचे, आणि मागून इंदूताई धावत येऊन त्यांची पाठ केलेली इंग्रजी म्हणायच्या, "गुड मॅन. व्हेरी गुड मॅन. नो प्रॉब्लेम. थँक्यू." लोक हसायचे, मान डोलवायचे. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने तर एकदा लिंबाचं सरबत आणून दिलं. साहेबांनी ते घेतलं नाही, ड्यूटीवर होते ना!

मग ती पेपरमिंटची भानगड झाली. साहेबांच्या पिशवीत गोळ्या हव्यात म्हणून इंदूताईंनी पांढऱ्या पेपरमिंट भरून ठेवल्या होत्या. एका अंगणात एक लहान मुलगा सायकल घेऊन उभा, त्याचं नाक वाहत होतं. साहेबांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. आपल्याकडे कौतुक झालं असतं. इथं अनोळखी म्हाताऱ्याने लहान मुलाला हात लावून पांढरी गोळी दिली म्हणजे काय, तुम्हीच विचार करा. त्याची आई किंचाळत बाहेर आली, पोलिसांची गाडी आली. निलेश मीटिंग सोडून धावत आला. पोलीस समजूतदार निघाला, गोळी हुंगून हसला, पण निलेशला बाजूला घेऊन बरंच काही सांगून गेला.

त्या संध्याकाळी मी तिथं होते. निलेश म्हणाला, "आई, बास झालं. आपण इथं व्हिसावर आहोत. कोणी बाबांवर केस केली तर मी काय करणार?"

"मी असते ना मागे."

"तू असून झालं ना हे! आणि तू नसलीस तर? बाहेर एकशे दहा फॅरनहाइट असतं, आई. दर उन्हाळ्यात इथं माणसं मरतात. ऐक, एकदा, फक्त एकदा जरी बाबा एकटे बाहेर पडले, तर मी दाराला कोडचं लॉक लावणार. मग माझ्यावर रागवायचं नाही."

"नाही जाणार एकटे," इंदूताई म्हणाल्या. "मी आहे."

निलेश वाईट मुलगा नव्हता हो. चांगलाच होता. म्हणून तर त्याचं बोलणं टाळता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कालव्यावर झाडाखाली बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "कुलूप लागलं ना ताई, तर हे संपतील. डोकं गेलं, नावं गेली, मी पण गेले. पाय तेवढे अजून नोकरीत आहेत. पाय थांबले की मग काय राहिलं?" आणि साहेब उठलेले पाहून लगबगीने छत्री उघडून निघाल्या. निलेशच्या सांगण्यावरून पिशवीतल्या पेपरमिंट त्यांनी काढून टाकल्या होत्या. त्या रिकाम्या पिशवीचा साहेबांनी फार धसका घेतला होता. एकदा नातवाला खरंच ताप आला, साहेबांनी विचारलं, सुनेने हो म्हणून सांगितलं, आणि गोळ्या सापडेनात तेव्हा त्या माणसाने सगळं घर उपसलं, स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. तेव्हापासून इंदूताईंनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, काहीही असो, साहेबांना उत्तर एकच द्यायचं. नाही जी, सगळे बरे आहेत.

असा जुलै आला. जुलै म्हणजे इथं दुपारी धुळीचे लोट उठतात आणि पाऊस नुसता दाखवून जातो. इंदूताई रोज चालत होत्या. ओठ फुटलेले, टाचांना भेगा, चेहरा करपून काळा ठिक्कर पडलेला. मी म्हटलं, "एक दिवस तरी दम खा." तर म्हणाल्या, "त्यांना रविवार आठवत नाही ना जी."

आणि एके दिवशी त्यांनाच ताप भरला. आदल्या रात्रीपासून अंगात होता, कोणाला बोलल्या नाहीत. मुलगा-सून कामाला गेले, मुलं शिबिराला गेली. साहेबांनी नेहमीप्रमाणे बाहेरून टकटक केली. इंदूताईंनी दाराला धरून दार उघडलं.

"बाई, घरात कोणाला ताप?"

"नाही जी, साहेब."

त्यांनी खूण केली आणि निघाले. या बूट घालायला वाकल्या आणि भोवळ आली. एक मिनिट बसावं म्हणून सोफ्यावर टेकल्या. डोळा उघडला तेव्हा दाराच्या काचेतून येणारं ऊन पार सरकून गेलं होतं.

त्यांनी मला फोन केला. नुसतं "ताई" म्हणाल्या. मला पुढचं विचारावं लागलं नाही.

आम्ही पोचलो तोवर निलेश आला होता, पोलीस आले होते. सगळे गाड्या घेऊन निघाले. शुभा एकीकडे, निलेश दुसरीकडे, पोलीस तिसरीकडे. मोठ्या रस्त्यांवरून गोल गोल फिरून परत यायचे, मान हलवायचे, पुन्हा जायचे. बाराच्या वर वाजून गेले होते. इंदूताई दारापुढच्या तापलेल्या फरशीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या दंडाला हात लावला तर चटका बसला, तो उन्हाचा नव्हता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आत चला, तुमचंच अंग..." त्या ऐकतच नव्हत्या. दाराशेजारच्या भिंतीकडे एकटक बघत होत्या. निळी सही आणि आडवी रेघ.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "आज मी पुसलंच नाही."

तशाच उठल्या. शेजारच्या भिंतीवर बघतात, निळी खूण. त्याच्या पुढच्या भिंतीवर निळी खूण. निलेश गाडी वळवून येत होता, त्याला हात करून ओरडल्या, "गाडी सोड! गाडीतून नाही दिसायचं. भिंती बघ, भिंती!"

निलेश उतरला. आम्ही तिघं निघालो. कसं चाललो ते विचारू नका. डांबर बुटांच्या तळव्याला चिकटत होतं, नाकातून आत जाणारा श्वास घशात टोचत होता. निलेश एका हातात बाटली आणि दुसऱ्या हाताने आईला धरायला बघतोय, त्या हात झिडकारून पुढे. पाच वर्षं तो त्या वस्तीत राहत होता, पण त्याला कुठली गल्ली कुठे निघते ते माहीत नव्हतं. "आई, हा रस्ता बंद आहे." "भिंतीला फट आहे, ये तू." कोठोडा झाला. कालवा आला. कालव्याला भिंती कुठल्या? मला वाटलं, संपलं सगळं. पण इंदूताई थेट त्या हिरव्या सालीच्या झाडापाशी गेल्या, खोड निरखलं. नव्हतं काही. पाण्याकडे एकदाच पाहिलं आणि लगेच मान फिरवली. पुलाच्या कठड्यावर खूण होती. इतकी मोठी निळी सही मी कधी पाहिली नव्हती, की मलाच ती मोठी वाटली, कोण जाणे.

पिंपळखुट्याच्या पलीकडे नवी कॉलनी उठत होती. त्या वर्षी जिकडे तिकडे घरं बांधत होते, वाळवंट संपत नव्हतं आणि घरं बांधणारेही थकत नव्हते. उन्हामुळे कामगार पहाटे येऊन दुपारच्या आत काम आटपून निघून जायचे. म्हणजे तिथं चिटपाखरू नाही. नुसते लाकडी सांगाडे उभे, वर छप्पर घातलेलं, भिंती नाहीत, दारं नाहीत. आणि त्या सांगाड्यांच्या खांबांवर एकेक करून खूण केलेली. सही आता सही राहिली नव्हती. शेवटी नुसतीच रेघ.

शेवटच्या घराशी ते सापडले. त्याच्या पलीकडे मग काही नव्हतं, झुडपं आणि लांबवर डोंगर.

दाराची चौकट होती, दार नव्हतं. चौकटीबाहेर, भर उन्हात, ते मातीत बसले होते. पिशवी मांडीवर, पाठ खांबाला, ओठांना पांढरे थर आलेले. दोन पावलांवर छप्पराखाली गारशी सावली पडली होती. पण आतून कोणी "या" म्हणालं नव्हतं ना. म्हणून ते आत गेले नव्हते. वाट बघत बसले होते.

निलेश "बाबा!" म्हणून ओरडला आणि धावला, त्यांना उचलू लागला. त्या माणसाने अंगात नव्हता तेवढा जोर आणून चौकट घट्ट धरली. "नाही. नाही. मालक नाहीत घरी." निलेश रडायला लागला. "बाबा, प्लीज. बाबा, सावलीत तरी चला."

इंदूताईंनी त्याला मागे ओढलं. छत्री टाकली, पदर डोक्यावर घेतला आणि सांगाड्याला वळसा घालून मागच्या बाजूने आत शिरल्या. खांबांमधून येत येत दारापाशी आल्या. जशा रोज सकाळी यायच्या, तशाच चौकटीत उभ्या राहिल्या.

"साहेब, या ना. आत या. बसा."

साहेबांनी मान वर केली. खांब धरून उठले. उंबऱ्याच्या जागी वाकून चपला काढायला लागले, त्या निघेनात, इंदूताईंनी खाली बसून काढल्या. मग ते आत गेले, सावलीत दोन पावलं टाकली आणि कोसळले.

वाचले. दवाखान्यात बरेच दिवस होते, नळ्या लावून. शेजारच्या खाटेवर दोन दिवस इंदूताईही होत्या. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ आणखी गेला असता तर काही खरं नव्हतं. ते घरी आले तेव्हा दाराला लॉक बसलं होतं. आकडे दाबले की हिरवा दिवा लागतो आणि मगच दार उघडतं, आतूनसुद्धा. ते निलेशने स्वतः बसवलं. मला बाहेर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, मी मुलगा आहे, जेलर नाही. पण मी काय करू, तुम्ही सांगा." इंदूताई मात्र त्याच्यावर रागावल्या नाहीत. कबूल केलं होतं ना.

ऑक्टोबरमध्ये शुभाची बदली दूर उत्तरेकडे, बेलव्ह्यूला झाली. तिकडे म्हणे सतत ढग असतात. निघायच्या आधी मी निरोप घ्यायला गेले. शुभा मला सोडून मुलीला क्लासवरून आणायला गेली. इंदूताईंनी आकडे दाबून दार उघडलं, मी आत गेले, त्यांनी पुन्हा दार लावलं. चपलांच्या फळीवर त्यांचे पांढरे बूट होते, त्यांवर अजून त्या नव्या कॉलनीतली लाल माती. घर एसीने गारठलेलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, त्यांचा बर्फासारखा गार लागला.

"कशा आहात?"

"मला काय झालंय?"

आतल्या बोळात नजर गेली. या घरांना बोळाच्या दोन्ही अंगांना दारंच दारं. झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, कपड्यांची कोठी. त्या पांढऱ्या दारांच्या शेजारी सगळ्या भिंती रंगीत खडूने भरल्या होत्या. गुलाबी, निळी, पिवळी. एकावर एक. रेघाच नुसत्या. इंदूताईंनी काहीच पुसलं नव्हतं.

"आता कोणासाठी पुसू?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात टकटक झाली. त्या चटकन उठल्या. "चहा घ्या तुम्ही. माझं घर आलं." आणि स्वयंपाकघरातून पलीकडच्या खोलीत शिरल्या. बोळात साहेब उभे होते. इतके वाळले होते की पिशवीच त्यांना धरून उभी आहे असं वाटावं. पाय उचलत नव्हते, फरफटत होते. दार उघडलं.

"बाई, घरात कोणाला ताप?"

"नाही जी, साहेब. सगळे बरे आहेत."

रेघ. मग पुढचं दार. ते तिथं पोचायच्या आत इंदूताई न्हाणीघरातल्या आतल्या दाराने पलीकडे जाऊन उभ्या. उन्हाळाभर त्या त्यांच्या मागे चालल्या. आता पुढे पळत होत्या, प्रत्येक बंद दारामागे कोणीतरी असावं म्हणून. कपड्यांच्या कोठीतसुद्धा त्या हँगरांमध्ये उभ्या राहून "नाही जी" म्हणाल्या.

मी हातात कप धरून बसले होते.

बोळाच्या शेवटी त्यांची दोघांची झोपायची खोली. साहेबांनी दारावर हात ठेवला, टकटक होण्याइतका जोर राहिला नव्हता. दार उघडलं.

"बाई, घरात कोणाला ताप?"

इंदूताईंनी दाराला धरलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता.

"आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "मला आहे."

घर उपसलं होतं ते मला आठवलं. पण साहेब ताठ झाले. खडू खिशात ठेवला.

"किती दिवसांपासून?"

"फार दिवस झाले जी."

"थंडी वाजते?"

"वाजते."

"पुढे या." त्यांनी हाताची मागची बाजू इंदूताईंच्या कपाळाला लावली, मग उलटवून तळवा लावला. दुसऱ्या हाताने पिशवी उघडली, आत चाचपलं. आतल्या तळापर्यंत हात गेला आणि रिकामा बाहेर आला. मी उठायच्या बेतात होते.

"गोळ्या संपल्या," साहेब हळूच म्हणाले. "वर कळवतो. तोवर बसू का थोडं?"

"या ना. आत या."

त्यांनी दारात चपला काढल्या. दोघं पलंगाच्या कडेला बसले. कपाळावरचा हात त्यांनी काढला नव्हता, आणि इंदूताईंनी डोळे मिटले होते.

बाहेर शुभाने हॉर्न दिला. दाराचे आकडे मला ठाऊक नव्हते. हाक मारली असती तर इंदूताई उठून आल्या असत्या. मी चपला घातल्या आणि त्या बंद दारापाशी गप्प उभी राहिले. हॉर्न पुन्हा वाजला, तरी उभीच राहिले.